‘एकच काहीतरी कर’ म्हणतात तेव्हा



हे बोलणं आम्ही रेडिओवर केलं त्या संध्याकाळी नेमकी लाइट गेली आणि निम्म्या वाड्यांवर काहीच ऐकू आलं नाही. ‘मग छापून तरी द्या’ असा निरोप तीन गटांकडून आला. म्हणून हे इथे देतोय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच.

विषय निघाला तो आमच्याच एका मैत्रिणीवरून. तिचं नाव सांगत नाही, तिचीच तशी इच्छा आहे. ती भजनी मंडळात पेटी वाजवते. सप्ताह असला की शेजारच्या गावांतूनही तिला साथीला बोलावणं येतं. गेल्या दोन वर्षांपासून गावातल्या मुली तिच्याकडे पेटी शिकायला येऊ लागल्या. शिवाय ती आमच्या रेडिओसाठी भारुडं लिहिते, हुंड्यावरचं तिचं भारुड तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. घरी दोन म्हशी, दोन मुलं, सासूबाई आणि दीड एकर शेत. एका रात्री सप्ताहाहून यायला उशीर झाला, सकाळी धार काढायला उशीर झाला, डेअरीची गाडी निघून गेली. दूध घरातच राहिलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, वाजव नाहीतर शिकव नाहीतर लिही, पण एकच काहीतरी कर.” सासूबाई वाईट नाहीत. दूध वाया गेलं तर कुणीही बोलेल. पण आमची मैत्रीण ते वाक्य घेऊन बैठकीला आली आणि म्हणाली, “सांगा, कुठलं सोडू?”

आम्हाला पटकन उत्तर देता येईना. मग ठरवलं, की ज्या बायकांनी जन्मभर वाद्य वाजवलं, त्यांनी हे कसं निभावलं ते तरी बघू.

आमच्या रेडिओच्या खोलीत आम्ही एक ध्वनिफीत लावली. कोण वाजवतंय, काय वाजतंय, काही सांगितलं नाही. ऐकून झाल्यावर आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकू म्हणाल्या, “बाई गाते छान, पण शब्द काही कळत नाहीत.” आम्ही हसलो, पण काकूंचं चुकलं नव्हतं. ते गाणं नव्हतं, व्हायोलिन होतं, आणि वाजवणाऱ्या होत्या विदुषी एन. राजम. व्हायोलिन गळ्यासारखं वाजावं, हेच तर त्यांचं आयुष्यभराचं काम.

आता व्हायोलिन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे ते लांबूनच, टीव्हीवर बघितलेलं असतं. चार तारांचं, हातभर लांबीचं, हलकं लाकडी वाद्य. डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबायची आणि उजव्या हातातल्या गजाने ती घासायची. गज म्हणजे काठीला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस. त्या केसांना राळ घासावी लागते, नाहीतर तारेवरून गज नुसता घसरतो, आवाज येत नाही.

पेटीशी तुलना केली की लवकर समजतं. पेटीवर प्रत्येक सुराची वेगळी पट्टी. ‘सा’ची पट्टी दाबली की ‘सा’ येणारच, लहान पोराने दाबली तरी. पण एका पट्टीवरून दुसरीवर जाताना पायरी चढावी तसं जावं लागतं, मधली जागा पेटीला नाही. गळ्याला ती आहे. पाळणा म्हणताना आपण एका सुरावरून दुसऱ्यावर उतरणीवरून घसरावं तसं जातो. गाणारे त्याला मींड म्हणतात. सतारीला पितळेचे पडदे असतात, बोट कुठे ठेवायचं ते दिसतं. व्हायोलिनला पडदा नाही, पट्टी नाही, खूण नाही. म्हणून त्यावर मींड गळ्यासारखी येते, आणि म्हणूनच बोट जराही सरकलं की सूर बिघडतो. जागा डोळ्यांना दिसत नाही, ती बोटाला आणि कानाला पाठ व्हावी लागते. भाकरीला पीठ किती आणि पाणी किती हे जसं मापाशिवाय हाताला कळतं, तसं. पण ते कळायला किती भाकरी थापाव्या लागल्या, ते आपलं आपल्याला ठाऊक.

गोरे लोक व्हायोलिन उभ्याने किंवा खुर्चीवर बसून, हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्याकडे ते बैठकीवर आलं. मांडी घालून बसायचं, उजवा पाय जरा पुढे काढायचा, आणि व्हायोलिनचं टोक त्या पायाच्या घोट्याजवळ टेकवायचं. दुसरं टोक छातीशी. वाद्याचा भार पायाने घेतला की डावा हात मोकळा होतो. मोकळा हात तारेवर वर-खाली सरकू शकतो, आणि सरकू शकतो म्हणून मींड येते. बसण्याची पद्धत बदलली आणि वाद्याचा आवाज बदलला, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

राजम यांचा जन्म १९३८ सालचा, दक्षिणेतल्या संगीतघराण्यातला. वडील ए. नारायण अय्यर हे व्हायोलिनवादक आणि पहिले गुरूही तेच. भाऊ टी. एन. कृष्णन, तेही मोठे व्हायोलिनवादक. राजम यांच्या हातात व्हायोलिन आलं तेव्हा त्या ३ वर्षांच्या होत्या. सुरुवातीचं शिक्षण सगळं कर्नाटक संगीताचं. त्या पद्धतीत व्हायोलिन गाणाऱ्याच्या शेजारी बसतं आणि गाणाऱ्याने जे म्हटलं ते पाठोपाठ वाजवतं. म्हणजे गळ्याच्या मागे चालायची सवय त्या वाद्याला तिथे आधीपासूनच होती.

उत्तरेत गोष्ट वेगळी. सतार-सरोदचं वादन बोटाच्या किंवा नखीच्या आघातावर उभं राहिलेलं. तार छेडली की आवाज उमटतो आणि विरत जातो, म्हणून पुन्हा छेडायची. त्यातून एक वेगळी, ठेक्यात चालणारी वादनाची रीत तयार झाली. तेच व्हायोलिनवर करता येतं, केलंही गेलं. पण राजम यांनी गायक पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्याकडे शिकून ख्याल जसा गातात तसाच व्हायोलिनवर आणायचा ध्यास घेतला. याला ‘गायकी अंग’ म्हणतात. गायक एक ओळ एका दमात म्हणतो ना, मग गजही तेवढा वेळ एकाच ओढीत चालला पाहिजे. मध्ये गज उलटवला तर शब्द मध्येच तोडल्यासारखा होतो. गायक जिथे शब्दावर जोर देतो तिथे गजाने जोर द्यायचा, आणि शब्द संपतो तिथे गज उचलायचा. काकूंना ‘बाई गाते’ असं वाटलं ते यामुळे.

इथे आपल्या मुलखाचा एक धागा येतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओंकारनाथ ठाकूर हे पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी दृष्टी अधू झाली, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, त्याची मर्जी सांभाळायची. पलुसकरांनी ते वर्गात आणलं. वेळापत्रक, पुस्तकं, परीक्षा, सगळं. ओंकारनाथ ठाकुरांनी तोच वारसा पुढे नेला. बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य तेच होते. आणि त्याच विद्यापीठात राजम यांनी पुढे सुमारे ४० वर्षं शिकवलं. त्या विभागप्रमुख झाल्या, विद्याशाखेच्या अधिष्ठाता झाल्या. मिरज ते लाहोर, लाहोर ते बनारस, असा फिरत फिरत तो धागा दक्षिणेतून आलेल्या एका बाईच्या हाती गेला.

या नोकरीबद्दल जरा थांबून बोलतो, कारण आमच्या मते खरी मेख तिथे आहे.

कार्यक्रमाचा पैसा आणि उसाचं बिल, दोन्ही सारखे. येतं तेव्हा बरं येतं, पण कधी येईल ते आपल्या हातात नसतं. शिकवणी म्हणजे दूध. थोडं, पण दर १० दिवसांनी बिल हातात. नुसत्या उसावर घर चालवणाऱ्याला कारखाना म्हणेल त्या भावाला मान डोलवावी लागते. घरात दूध असलं की तो चार दिवस थांबू शकतो. कलावंताचंही तसंच. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो, त्याला ‘हे वाजवा, ते वाजवा, लोकांना आवडेल ते वाजवा’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणता येतं. राजम यांनी काय ठरवून केलं ते आम्ही त्यांच्या वतीने सांगू शकत नाही. पण एवढं दिसतं, की ४० वर्षं एका जागी शिकवत असतानाच त्यांनी देशात-परदेशात मैफली केल्या, आणि वाजवलं ते आपल्याच रीतीने. १९८४ ला पद्मश्री मिळाली, २००४ ला पद्मभूषण. शिकवण्याने वाजवणं खाल्लं, असं काही इथे दिसत नाही.

उलट शिकवण्यानं वाजवणं वाढतं, हे आमच्या पेटीवालीनेच आम्हाला सांगितलं. ती म्हणाली, “मुलगी चुकते तेव्हा मला थांबून बघावं लागतं, मी स्वतः ते कसं करते. मी तर कधी बघितलंच नव्हतं. बोटं आपोआप जायची.” एका मुलीला अंगठा कुठून न्यायचा ते दाखवता दाखवता तिची स्वतःची एक जुनी चूक सुटली. म्हणजे शिकवण्याचा तास रियाजातून वजा होत नाही. अर्धा तरी त्यात जमाच होतो. हे गणित बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. त्याला वाटतं, एक तास इकडे गेला म्हणजे तिकडचा एक तास कमी झाला.

राजम यांच्या घरात शिकवणं तर चुलीपर्यंत पोचलेलं दिसतं. मुलगी संगीता शंकर आईकडेच शिकली आणि नावाजलेली व्हायोलिनवादक झाली. नाती रागिणी आणि नंदिनी, त्याही व्हायोलिनवादक. आजी, लेक आणि नाती एकाच मंचावर बसून वाजवतात, असे कार्यक्रम झालेले आहेत. भाची कला रामनाथ, तिला आधी आजोबांनी, म्हणजे त्याच नारायण अय्यरांनी शिकवलं आणि मग आत्याने. ज्या माणसाने लेकीला शिकवलं त्यानेच नातीलाही शिकवलं. घर हीच शाळा, आणि मूल सांभाळण्याची वेळ हीच शिकवण्याची वेळ. जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून आपल्याला ओव्या पाठ झाल्या, त्या अशाच. कुणी ‘चल, आता ओवीचा तास’ असं म्हटलं नव्हतं.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रेडिओवर हे बोललो तेव्हा आमच्यातलीच एक जण म्हणाली, “बघा, त्यांना जमलं, मग आपल्याला का नाही जमणार?” आम्हाला हे वाक्य नको आहे. राजम यांचे वडील व्हायोलिनवादक होते, भाऊ व्हायोलिनवादक होता, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून वाद्य हातात होतं. त्यांनी केलेले कष्ट त्यांचेच, ते कुणी कमी लेखत नाही. पण पायाखाली पायरी होती. आमच्या मैत्रिणीने पेटी देवळात, मोठ्या माणसांची पाठ फिरल्यावर, लपूनछपून शिकली. दोघींना एका मापाने मोजलं तर अन्याय कुणावर होईल, ते तुम्हीच बघा. मोठ्या बाईची गोष्ट ऐकायची ती तिच्या घराची मांडणी कशी होती ते समजून घ्यायला. तिचं नाव घेऊन आपल्याच सुनेला टोचायला नव्हे.

आणि पुरुषांचं? एक उदाहरण देतो. गजाननबुवा जोशी हे आपल्याकडचे थोर कलावंत. १९११ चा जन्म, १९८७ ला गेले. वडील अंतूबुवा औंध संस्थानचे गवई. गजाननबुवा गायचेही तसेच आणि व्हायोलिन वाजवायचेही तसेच. आकाशवाणीत काम केलं, मोठमोठे शिष्य तयार केले. गाणं, वाजवणं, नोकरी, शिकवणं, चारही गोष्टी. त्यांच्याबद्दल जे वाचायला मिळालं त्यात त्यांना ‘एकच काहीतरी करा’ असं कुणी म्हटल्याचं आम्हाला तरी कुठे सापडलं नाही. त्यांच्या मोठेपणाला यात बोल नाही. प्रश्न कुणाला विचारला जातो आणि कुणाला नाही, तेवढं दाखवायचं होतं.

आता दुसरी गोष्ट. ही सोपी नाही.

अन्नपूर्णादेवी. १९२७ साली मैहरला जन्म, उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांची मुलगी. सांगितलं जातं ते असं, की थोरल्या मुलीला वडिलांनी गाणं शिकवलं होतं, ते सासरी खपलं नाही, तिचा तंबोरा जाळला गेला. म्हणून वडिलांनी धाकटीला शिकवायचंच नाही असं ठरवलं. एक दिवस भाऊ अली अकबर सरोदवर चुकत होता आणि ही पोर गाऊन त्याची चूक दाखवत होती. वडील मागे येऊन उभे राहिले, तिला कळलंच नाही. त्या दिवसापासून तिचं शिक्षण सुरू झालं. वाद्य सूरबहार. सतारीसारखंच पण मोठं आणि खोल, खर्जातल्या आवाजाचं. १९४१ साली पंडित रविशंकर यांच्याशी लग्न झालं. दोघांनी एकत्र कार्यक्रमही केले. आणि मग त्यांनी लोकांपुढे वाजवणं सोडलं ते कायमचं. पुढचं बहुतेक आयुष्य मुंबईतल्या घरात. २०१८ साली त्या तिथेच गेल्या.

का सोडलं, याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. त्या स्वतः फारसं बोलल्या नाहीत. आम्हीही नवरा-बायकोच्या भानगडीत पडत नाही. पण त्यांनी मंच सोडला, विद्या सोडली नाही. निखिल बॅनर्जींसारखे सतारवादक त्यांच्याकडे शिकले. बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. आता बघा, त्या स्वतः बासरी वाजवणाऱ्या नाहीत. मग बासरी कशी शिकवली? गाऊन. त्या गाणार आणि शिष्याने ते आपल्या वाद्यावर काढायचं. हरिप्रसाद तोवर नावारूपाला आलेले होते. तरी नव्याने, पहिल्यापासून शिकायची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली. उजवीकडे धरायचे ती डावीकडे धरू लागले. आपण नांगराचा बैल डावीकडचा उजवीकडे जुंपून बघावा, म्हणजे ते किती अवघड ते कळेल. असं करायला लावणारी ती गुरू.

१९७७ ला त्यांना पद्मभूषण मिळालं. शिष्यांचं वादन जगभर ऐकलं गेलं. आणि त्यांचं स्वतःचं सूरबहार? आज ऐकायला मिळतं ते अगदी थोडं, आणि तेही जुनं, खरखरणारं. आम्ही ते लावलं. खोलीत कुणी बोललं नाही. मग आमची पेटीवालीच म्हणाली, “म्हणजे एक सोडलं की असं होतं.” काही जण म्हणतील, शिष्य घडवले हेच मोठं काम. मोठं आहेच. पण जे वाजलंच नाही ते शिष्यही देऊ शकत नाहीत. एक गोष्ट सोडल्याने दुसरी दुप्पट होते, असा हिशेब इथे लागत नाही.

तिसरी बाई शरण रानी. दिल्लीच्या, १९२९ ते २००८. सरोद वाजवायच्या. सरोद हे मुख्यतः पुरुषांच्या हातात असलेलं वाद्य. त्यालाही पडदे नसतात, आणि तारा दाबायच्या त्या डाव्या हाताच्या नखांच्या कडेने. नखाला खाच पडते. रोज पीठ मळणाऱ्या, शेणगोठा करणाऱ्या आपल्या हातांना अशी नखं टिकवणं कसं जमावं, हा विचार आमच्या मनात आला तो आलाच. सतारवाल्यांचंही तसंच. बोटाच्या टोकाला घट्टा पडावा लागतो. भांड्यांच्या पाण्यात बोटं तासभर भिजली की घट्टा नरम होतो आणि तार कातडीत रुतते. घरकाम आणि वाद्य यांचं भांडण वेळेचं असतं असं आपण म्हणतो. ते कातडीचंही असतं.

शरण रानींनी मैफली केल्या, शिष्यांना घरी ठेवून पैसे न घेता शिकवलं, सरोदवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि याखेरीज एक वेगळंच वेड लावून घेतलं, जुनी वाद्यं गोळा करण्याचं. मोडकी, विसरलेली, अडगळीत पडलेली वाद्यं मिळवून त्यांनी जपली. शेकडो जमली. ती त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. तिथे त्यांच्या नावाचं दालन आहे. कुणी म्हणेल, हे सरोदवादनाच्या वेळेतून केलेलं उपद्व्याप. पण वाद्यं गोळा करणाऱ्या बाईला सरोद कुठून आला, कसा बदलला हे कळलं, ते तिने लिहिलं आणि तेच शिष्यांना सांगितलं. तीन कामं वेगळी दिसतात, पण पाणी एकाच विहिरीचं.

आमच्या मैत्रिणीचं भारुड लिहिणं आम्हाला असंच वाटतं. पेटी वाजवते म्हणून तिला चाल आधी सुचते, शब्द मागून येतात. भारुडं सोडली तर पेटीचंही काहीतरी जाईल.

हे सगळं ऐकून, बोलून झाल्यावर पुढच्या बैठकीत आम्ही तिच्या सासूबाईंनाच बोलावलं. भांडायला नव्हे. त्या म्हणाल्या, “मला गाण्याचं काही नाही, माझं दूध बुडतं.” म्हणजे प्रश्न संगीताचा नव्हताच, सकाळच्या धारेचा होता. मग बोलणं सोपं झालं. सप्ताहाच्या दिवसांत सकाळची धार मैत्रिणीचे यजमान काढतील असं ठरलं. त्यांना धार येते, लग्नाआधी तेच काढायचे, मध्येच विसरले होते.

दुसरं, देवळातली पेटी. ती कपाटात कुलपात असायची, किल्ली पुजाऱ्यांकडे, त्यामुळे तिचा रियाज त्यांच्या सवडीने. मंडळाची परवानगी काढून पेटी तिच्या घरी आणली. आता पाच मिनिटं मोकळी मिळाली तरी हात फिरतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत किती अलंकार होतात, ते तिने मोजलंय म्हणे.

तिसरं ठरवताना मात्र तासभर वाद झाला. मुलींकडून फी घ्यायची का? “भजनाचे पैसे घेतात का कुठे?” असं आमच्यातल्याच दोघी-तिघी म्हणाल्या. खरं तर भजनाचे ती घेतच नाही. पण शिकवणं हे काम आहे, त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळात ती मजुरीला गेली असती तर कुणी फुकट बोलावलं नसतं. शेवटी महिना ५० रुपये ठरले. ज्या घराला जमणार नाही त्या घरच्या मुलीने आठवड्यातून एकदा म्हशींना वैरण घालायची, किंवा काहीच नाही. ते तिने आणि त्या घराने आपसात ठरवायचं, बैठकीत नाव निघणार नाही. फीची नोंद गटाच्या वहीत वेगळ्या पानावर.

एक वाद अजून मिटलेला नाही. रात्री परगावी साथीला जायचं तर सोबत कोण? मंडळातले पुरुष असतात, पण परत येताना तिला घरापर्यंत सोडायला कुणी थांबत नाही. गटातल्या दोघी आलटूनपालटून जाऊ म्हणाल्या आहेत. त्या दोघींच्या घरी अजून विचारायचंय.

पहिल्या महिन्यात सात मुलींची फी जमली, ३५० रुपये. त्यातून पेटीचा भाता दुरुस्त करून घेतला, कारण तो एका बाजूने वारा सोडत होता आणि सगळ्यात धाकट्या मुलीचा हात दुखायचा. शिकवणी मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळची धार झाल्यावर. सासूबाई ओसरीवर शेंगा सोलत बसतात आणि मुली चुकल्या की मान हलवतात. त्यांना सूर कळतो, हे आम्हाला आत्ता कळलं.

नवं भारुड मात्र अजून अर्धंच आहे. पाण्याच्या टँकरवर आहे. पूर्ण झालं की आधी रेडिओवर लावू. त्या दिवशी लाइट राहिली तर बरं.